लघुलहरी गप्प झाल्या तेव्हा

१९७२ च्या ऑगस्टात मी अठरा वर्षांचा होतो आणि सातारा जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी मामाच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात हाताखाली काम करत होतो. त्या वर्षी पावसानं दडी मारली होती. श्रावण तोंडावर आलेला, पण आकाश कोरडं आणि ऊन चैत्रातलं. शुक्रवारी, चार तारखेला, दुपारी बाराच्या सुमारास शाळेतले एक गुरुजी आपला सेट न्यायला आले. लाकडी पेटीचा, व्हॉल्व्हचा, चांगला भारदस्त रेडिओ. डायलची दोरी तुटली होती, ती मी बदलली होती. गुरुजींसमोर ऐटीत सेट लावला. मीडियमवर पुणे केंद्र खणखणीत लागलं. मग पट्टा बदलून शॉर्टवेव्हवर आलो, तर दिल्ली नाही की सिलोन नाही. नुसती शांतता. एरवी केंद्र नसलं तरी खरखर असते, तीही विझत गेल्यासारखी झाली होती.

मामानं एका मिनिटात निदान केलं. "मीडियम चालतंय आणि शॉर्टवेव्ह मेलंय, म्हणजे ईसीएच एक्क्याऐंशी थकलाय. बदल तो." निदान चुकीचं म्हणता येणार नाही. आमच्या धंद्यात शंभरातल्या नव्वद वेळा ते बरोबर ठरायचं. मी नवा व्हॉल्व्ह बसवला, तरी आवाज नाही. मामा म्हणाला, "तापू दे जरा." जेवणं उरकून आम्ही परत आलो तेव्हा लांबून, खोल विहिरीतून यावी तशी दिल्ली ऐकू येत होती आणि हळूहळू पूर्ववत झाली. गुरुजी शाळा सुटल्यावर आले, सेट घेऊन गेले. व्हॉल्व्हचे अकरा रुपये मामानं वहीत मांडले, तारखेसकट.

ही तारीख माझ्या लक्षात राहण्याचं काही कारण नव्हतं. पुढे मी शिकलो, पदार्थविज्ञानाचा शिक्षक झालो. नोकरी लागल्यावर काही वर्षांनी सूर्यावरचं एक पुस्तक चाळताना ४ ऑगस्ट १९७२ ही तारीख दिसली. त्या दिवशी जागतिक वेळेनुसार सकाळी सव्वासहा-साडेसहाच्या दरम्यान सूर्यावर एक प्रचंड ज्वाला भडकली होती. त्यात साडेपाच तास मिळवले आणि मी पुस्तक बाजूला ठेवलं. सुट्टीत गावी जाऊन मामाची जुनी वही काढली. तारीख तीच होती. गुरुजींच्या सेटमध्ये बिघाड नव्हता. बिघाड झाला होता तो पंधरा कोटी किलोमीटर दूर.

रेडिओवरूनच आज ही गोष्ट सांगतो आहे, तेव्हा झालं काय होतं ते आधी सांगायला हवं. लघुलहरी वर जातात, आयनांबराच्या वरच्या थरांवरून परततात आणि शेकडो मैलांवर ऐकू येतात. जाता-येता त्यांना साठ ते नव्वद किलोमीटर उंचीचा एक खालचा थर ओलांडावा लागतो. एरवी तो विरळ असतो, लहरींना फारसा अडवत नाही. पण सौरज्वालेतून निघालेले क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत पृथ्वीवर पोचतात आणि नेमके याच थरात शोषले जातात. तिथल्या अणुरेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे होतात. मग जाणारी लहर या इलेक्ट्रॉनांना हलवते, ते हवेच्या रेणूंवर आदळतात आणि लहरीची शक्ती तिथंच जिरून जाते. पृथ्वीच्या ज्या बाजूला दिवस, त्या बाजूच्या लघुलहरी मुक्या होतात. पुणे केंद्राच्या मध्यमलहरी जमिनीलगत येत होत्या, म्हणून त्यांना धक्का लागला नाही. म्हणजे त्या दुपारी मामाच्या दुकानातला रेडिओ सूर्याचे क्ष-किरण मोजत होता. तो काय सांगतो आहे हे वाचायला आमच्यापैकी कुणी शिकलं नव्हतं, एवढंच.

आणि ही फजिती आमची एकट्याची नव्हती, हे मला पुढे कळलं. सौरज्वालेच्या क्ष-किरणांची पहिली नोंद झाली १ सप्टेंबर १८५९ रोजी. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये. मधल्या छत्तीस वर्षांचा हिशेब कसा लावायचा?

त्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हा खगोलज्ञ आपल्या खासगी वेधशाळेत सूर्याची प्रतिमा पडद्यावर घेऊन डागांचं चित्र काढत होता. सकाळी ११ वाजून १८ मिनिटांनी डागांच्या मोठ्या समूहावर दोन ठिकाणी लख्ख पांढरा प्रकाश उमटला. त्याला वाटलं, पडद्याला भोक पडून ऊन आत येतंय. तसं नाही हे कळताच तो साक्षीदार शोधायला धावला. मिनिटाभरात परतला, तो प्रकाश पुष्कळसा मावळला होता. सगळा खेळ पाच मिनिटांचा. सुदैवानं रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकानंही तो स्वतंत्रपणे पाहिला होता, म्हणून कॅरिंग्टनवर विश्वास बसला. माझा दोष काय होता, तर आमच्या दुकानात त्या दिवशी शॉर्टवेव्हचा दुसरा चालू सेट नव्हता. साक्षीदार नव्हता.

लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद प्रकाशचित्राच्या कागदावर अखंड होत असे. तो कागद नंतर पाहिला तेव्हा त्याच क्षणी रेषेला एक छोटासा आकडा पडलेला दिसला. आज आपल्याला माहीत आहे की ज्वालेच्या क्ष-किरणांनी आणि अतिनील किरणांनी आयनांबराची वाहकता वाढवली, तिथले विद्युतप्रवाह वाढले आणि खाली चुंबकसूची हलली. क्ष-किरण हा शब्दही नव्हता, तेव्हा त्यांची सही कागदावर उमटली होती.

पुढे सुमारे साडेसतरा तासांनी सूर्यातून फेकला गेलेला वायूचा ढग पृथ्वीवर आदळला आणि जगभर चुंबकीय वादळ उठलं. तेव्हा युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बिघडली, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. आपल्याकडे कमी सांगितली जाते ती ही की या वादळाची एक अत्यंत मोलाची नोंद मुंबईत झाली. कुलाबा वेधशाळेत २ सप्टेंबर १८५९ च्या सकाळी चुंबकत्वाचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लानं घसरला. एरवीच्या वादळात ही घट शंभर-दोनशेच्या घरात असते. त्या वेळी कुलाब्याला आपोआप नोंद करणारं यंत्र नव्हतं. माणसं डोळ्यांनी वाचून आकडे लिहीत होती आणि वादळ सुरू झाल्यावर त्यांनी वाचनं अधिक वेळा घेतली. ते आकडे वह्यांत पडून राहिले. २००३ साली मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्ष लखिना आणि शोभना अलेक्स यांनी अमेरिकन व ब्राझिलियन सहकाऱ्यांबरोबर ते वापरून त्या वादळाचा आकार ठरवला. जुन्या वह्या टाकू नयेत असं मामा म्हणायचा, त्याची कारणं वेगळी होती.

विसाव्या शतकात रेडिओ आला आणि कोडं पुन्हा पुढे आलं. १९३० च्या दशकात जर्मनीत मोगेल आणि अमेरिकेत डेलिंजर यांनी लघुलहरी अचानक बंद पडण्याच्या घटना नोंदल्या. त्यांचा सौरज्वालांशी मेळ बसला. पण आयनांबर बिघडवणारे किरण कोणते? संशयित दोन होते, हायड्रोजनचे ठरावीक अतिनील किरण आणि क्ष-किरण. दोन्ही हवेतच शोषले जातात. पुरावा जमिनीवर पोचतच नाही, तर न्याय कसा करणार?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या हाती जर्मनीचे व्ही-२ अग्निबाण लागले. त्यातल्या एकावर, २९ सप्टेंबर १९४९ रोजी, अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या हर्बर्ट फ्रिडमनच्या गटानं क्ष-किरण मोजणाऱ्या नळ्या पाठवल्या आणि सूर्य क्ष-किरण सोडतो हे नक्की झालं. पण हा शांत सूर्य झाला. ज्वाला सांगून येत नाही, आणि अग्निबाण उडवायची तयारी करेपर्यंत ती संपलेली असते.

यावर फ्रिडमननं काढलेली युक्ती मला आमच्या दुकानी जुगाडांची आठवण करून देते. अग्निबाणच फुग्याला टांगायचा! १९५६ च्या जुलैत पॅसिफिक महासागरात एका नौदलाच्या जहाजावरून रोज सकाळी एक फुगा सोडला जाई. त्याखाली लोंबणारा अग्निबाण विरळ हवेत दिवसभर तरंगत राही. ज्वाला दिसल्याची खबर आली की जहाजावरून रेडिओ संदेश देऊन तो डागायचा. संध्याकाळपर्यंत काही झालं नाही तर तो दिवस वाया, आणि अग्निबाणही वाया. असे दहा अग्निबाण नेले होते. दहापैकी एकाला एक लहानशी ज्वाला सापडली. त्या एकानं निकाल दिला: अतिनील किरणांत फारसा फरक नव्हता, क्ष-किरण मात्र वाढले होते आणि एरवीपेक्षा खूप खालपर्यंत शिरले होते. गुन्हेगार सापडला.

दहातला एक. आज उपग्रहांच्या जमान्यात हे हास्यास्पद वाटेल. मला तसं वाटत नाही. मला त्या नऊ संध्याकाळींचं कुतूहल वाटतं.

दुसरा महत्त्वाचा पुरावा तर न शोधताच हाती आला. २० मार्च १९५८ रोजी मिनेसोटा विद्यापीठाचे लॉरेन्स पीटरसन आणि जॉन विंक्लर यांचा फुगा क्युबावर उडत होता. ते अभ्यास करत होते विश्वकिरणांचा. त्यांच्या उपकरणात अचानक वीस सेकंदांहूनही कमी वेळ टिकलेला एक तीव्र स्फोट नोंदला गेला, आणि नेमक्या त्याच वेळी सूर्यावर ज्वाला भडकलेली होती. हे किरण फ्रिडमनच्या किरणांपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जेचे होते. म्हणजे एकाच ज्वालेतून दोन स्वभावांचे क्ष-किरण निघतात. कठोर क्ष-किरण काही सेकंद ते काही मिनिटं तडतडतात आणि थांबतात. मृदू क्ष-किरण सावकाश चढतात, नंतर तासन्‌तास उतरत राहतात.

या दोघांचं नातं काय? १९६८ मध्ये वर्नर न्यूपर्ट यांनी ओएसओ-३ उपग्रहाच्या नोंदी तपासून ते दाखवलं. वर्गात मी ते विहिरीच्या उदाहरणानं सांगत असे. पाऊस पडतो तेव्हा वाजतो. विहिरीचं पाणी आवाज करत नाही, ते चढत जातं. पाऊस जोरात असेल तेव्हा पाणी भरभर चढतं. पाऊस थांबला की चढणं थांबतं, पण भरलेलं पाणी लगेच आटत नाही. कठोर क्ष-किरण, किंवा त्यांच्याबरोबर येणाऱ्या सूक्ष्मलहरी, हा पाऊस. मृदू क्ष-किरण ही भरलेली विहीर. पहिल्यांची आतापर्यंतची बेरीज म्हणजे दुसऱ्यांची पातळी. प्रत्येक ज्वाला हा नियम पाळते असं नाही, पण पुष्कळ पाळतात.

यामागचं चित्र असं आहे. चुंबकीय शक्ती अचानक मोकळी होऊन इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग देते. ते चुंबकीय कमानीच्या पायथ्याशी दाट वायूवर आदळतात, तिथून कठोर क्ष-किरण निघतात. आदळल्यानं तिथला वायू तापतो, दीड-दोन कोटी अंशांपर्यंत, आणि फुगून कमानीत वर चढतो. तो तापलेला वायू मृदू क्ष-किरणांत झळाळतो आणि सावकाश निवतो. मामाच्या दुकानातली दिल्ली जेवणानंतर हळूहळू परत आली, ती याच निवण्यामुळे.

१९६० पासून पाळत उपग्रहांकडे गेली. २२ जून १९६० ला सोडलेल्या सोलरॅड-१ नं ज्वालेचे क्ष-किरण आणि रेडिओची मुकी वेळ यांचा मेळ अवकाशातून दाखवला. गंमत म्हणजे त्याच उपग्रहात सोव्हिएत रडारचा कानोसा घेणारं एक गुप्त उपकरणही होतं. विज्ञानाची ओळख सांगून हेरगिरी चालली होती, हे अमेरिकेनं १९९८ मध्ये उघड केलं.

आमच्या ४ ऑगस्टच्या ज्वालेनं मात्र या उपकरणांची दाणादाण उडवली. सोलरॅड-९ चा क्ष-किरणमापक कमाल मर्यादेला जाऊन अडकला. नेहमीच्या पातळीपेक्षा जास्त क्ष-किरण सोळा तासांहून अधिक काळ येत राहिले. ओएसओ-७ उपग्रहानं त्याच ज्वालेतून, सूर्यापासून प्रथमच, अणुगर्भातल्या प्रक्रियांचे गॅमा किरण टिपले. त्यानंतर आलेला ढग १५ तासांच्या आत पृथ्वीवर पोचला. त्या चुंबकीय वादळात उत्तर व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेनं पेरलेल्या समुद्री सुरुंगांपैकी दोन डझनांच्या आसपास आपोआप फुटले. ही हकिगत लष्करी कागदपत्रांतून पुढे येऊन २०१८ मध्ये शास्त्रीय लेखात छापली गेली. अपोलो-१६ चे अंतराळवीर एप्रिलमध्ये परतले होते, अपोलो-१७ डिसेंबरात जायचं होतं. ऑगस्टात चंद्रावर कुणी नव्हतं, हे त्यांचं नशीब. आम्ही त्या वेळी अकरा रुपयांचा व्हॉल्व्ह बदलत होतो.

नंतरची प्रगती वेगानं सांगतो. १९७३-७४ मध्ये स्कायलॅबवरच्या दुर्बिणींनी क्ष-किरणांतल्या सूर्याची भरपूर चित्रं घेतली आणि कमानी नीट दिसल्या. १९८० मध्ये सोडलेल्या सोलर मॅक्स उपग्रहानं कमानीचे दोन्ही पायथे एकाच वेळी कठोर क्ष-किरणांत उजळताना दाखवले. तो वर्षाच्या आतच अधू झाला आणि १९८४ च्या एप्रिलमध्ये चॅलेंजर यानातल्या अंतराळवीरांनी त्याची वरच दुरुस्ती केली. ती बातमी मी दुरुस्तीवाल्याच्या भावनेनं वाचली.

पण खरा प्रश्न शिल्लक होता. ठिणगी पडते कुठे? पायथ्याशी दिसतो तो मार. हात कुठे आहे? जपाननं १९९१ मध्ये योहको हा उपग्रह सोडला. त्यानं १३ जानेवारी १९९२ च्या एका ज्वालेची चित्रं घेतली. ज्वाला सूर्याच्या कडेवर होती, त्यामुळे कमान बाजूनं दिसत होती. सातोशी मासुदा हे तेव्हा संशोधक विद्यार्थी. त्यांना दोन पायथ्यांखेरीज तिसरा, फिकट ठिपका दिसला, कमानीच्या माथ्यावर नव्हे, माथ्याच्याही वर. तिथं, कमानीच्या बाहेरच्या विरळ जागेत, विरुद्ध दिशांच्या चुंबकीय रेषा तुटून नव्यानं जोडल्या जातात आणि तिथून ऊर्जा सुटते, या कल्पनेला तो मोठा आधार मिळाला. कल्पना कागदावर काही दशकं होती. एका ठिपक्यानं तिला जागा मिळाली. योहको दहा वर्षं चालला आणि १४ डिसेंबर २००१ रोजी कंकणाकृती ग्रहणाच्या वेळी सूर्याचा वेध सुटून भरकटला. सूर्य पाहणाऱ्याला ग्रहण लागावं, याला काय म्हणावं!

आता ज्वालांची प्रतवारीही क्ष-किरणांवरूनच होते. अमेरिकेचे गोज हवामान उपग्रह १९७० च्या दशकापासून मृदू क्ष-किरण मोजत आले आहेत. त्यांच्या पट्टीत ए, बी, सी, एम, एक्स अशा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरी आधीच्या दहापट. ४ नोव्हेंबर २००३ ला पुन्हा तेच घडलं. ज्वाला इतकी मोठी की मापक एक्स-१७ च्या थोडं वर अडकला आणि अकरा-एक मिनिटं तिथंच खिळून राहिला. खरा आकडा किती? अंदाज निघाला एक्स-२८.

मग न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगळाच मार्ग धरला. पॅसिफिक महासागर ओलांडून येणाऱ्या अतिदीर्घ रेडिओलहरी ते आधीपासून नोंदत होते. ज्वालेच्या वेळी आयनांबराचा तळ किती खाली आला, ते त्या लहरींवरून कळत होतं. उपग्रहाचा काटा अडकला होता, पण हवेचा थर अडकत नाही. त्यांनी उत्तर काढलं एक्स-४५ च्या आसपास. अब्जावधींच्या उपग्रहांनी हात टेकल्यावर क्यूच्या कागदाची आणि मामाच्या दुकानाची पद्धतच उपयोगी पडली, हे वाचून मी त्या दिवशी एकटाच हसलो.

आपल्याकडेही हे काम चांगलं चाललं आहे. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचं क्ष-किरणमापक २००३ मध्ये जीसॅट-२ उपग्रहावरून गेलं. चांद्रयान-२ वरच्या तिच्या उपकरणानं २०१९-२० च्या शांत काळात ए श्रेणीच्याही खालच्या, अगदी बारक्या ज्वाला मोजल्या. मोठ्या ज्वालेत काटा अडकतो आणि लहान ज्वाला दिसतच नाही, ही दोन्ही टोकं, त्यातलं दुसरं आपण धरलं. २ सप्टेंबर २०२३ ला आदित्य-एल१ निघालं. कुलाब्याच्या त्या सकाळीची तीच तारीख, हा निव्वळ योगायोग. त्यावर मृदू आणि कठोर अशा दोन्ही क्ष-किरणांची उपकरणं बंगळूरची आहेत आणि सूर्याची अतिनील चित्रं घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुकाची. वाटेत असतानाच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, त्यातल्या कठोर क्ष-किरणांच्या मापकानं एका ज्वालेचा सुरुवातीचा तडतडाट टिपला. फ्रिडमनचे अग्निबाण ज्याची दिवसभर वाट पाहत, तो क्षण.

आता व्हॉल्व्हचं सांगतो. पुस्तकातली तारीख वहीतल्या तारखेशी जुळल्यावर मी मामाला सगळं समजावून सांगितलं. क्ष-किरण, आयनांबर, सगळं. त्यानं शांतपणे ऐकलं. म्हणाला, "म्हणजे व्हॉल्व्ह चांगला होता." मी म्हटलं, हो. तो उठला आणि काउंटरखालचा पत्र्याचा डबा काढला. जुने व्हॉल्व्ह तो फेकत नसे. पण तो त्यात नव्हता. मग त्याला आठवलं, त्याच दिवाळीत एका गिऱ्हाईकाकडे पैसे नव्हते म्हणून तो जुना ईसीएच एक्क्याऐंशी त्यांच्या सेटला फुकट बसवला होता. तो सेट पुढे कधी दुरुस्तीला आला नाही. गुरुजींचे अकरा रुपये तेवढे राहिले होते. गुरुजी तोपर्यंत निवृत्त होऊन कऱ्हाडला मुलाकडे राहायला गेले होते. मामानं मला पत्ता शोधायला लावला आणि मनीऑर्डर केली. निरोपाच्या जागेत काय लिहू असं मी विचारलं, तर म्हणाला, "लिही, सेटमध्ये दोष नव्हता."